मुलगी ख्याल गाणार म्हणते : गोव्यात राहावं की बाहेर जावं?

फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी अठरा वर्षांची, बारावी झाली, गाण्यातली विशारदची परीक्षा देते आहे, आणि आयुष्यभर ख्यालच, म्हणजे रागदारी गाणंच, गाणार म्हणते. शास्त्रीय गायिकेचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं, त्यावर पोट भरतं का, आवाज कसा सांभाळायचा, आणि गोव्यात राहून हे जमेल की तिला मुंबई-पुण्याला पाठवावी, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी अंत्रुजातच, म्हणजे तुमच्या फोंड्याकडेच वाढले, तालीम जयपूर-अत्रौली घराण्याची घेतली, आणि पुष्कळ वर्षं गाते आहे, शिकवते आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचा क्रम चुकला की मुलांची उमेदीची वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत. गाव आधी ठरवू नका. गुरू ठरवा. राहायचं की जायचं हे त्यावरून ठरेल.

आपल्याकडे सांगतात की गोव्याच्या थोर गायिका केसरबाई केरकर मुंबईला गेल्या, मोगूबाई कुर्डीकर मुंबईला गेल्या, म्हणून मोठ्या झाल्या. त्यांची आयुष्यं जरा नीट बघा. केसरबाई केरकरांचा जन्म १८९२चा, आपल्या केरी गावातला. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझ्यांकडे. पुढे मुंबईत बर्कतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. सगळी थोर माणसं, पण तालीम तुटक. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांनी त्यांना पत्करलं ते १९२१ साली. बाई तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, मुंबईत राहूनही बराच काळ लोटला होता. खाँसाहेब १९४६ साली गेले, तोपर्यंत ही तालीम सुटली नाही. केसरबाईंचं गाणं घडलं ते या काळात. नुसत्या मुंबईनं ते घडणार असतं तर आधीच घडलं असतं.

मोगूबाईंची वाट तर अधिक खडतर. कुर्डीच्या, जन्म १९०४चा. आई लवकर गेली, नाटक मंडळ्यांत कामं केली. सांगलीला त्यांचा रियाझ अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला आणि त्यांनी स्वतःहून शिकवायला घेतलं. खाँसाहेब मुंबईला गेले म्हणून मोगूबाई मुंबईला गेल्या. तिथेही विरोध झाला, तालीम खंडित झाली, मधल्या काळात आग्रा घराण्याच्या उस्तादांकडून विद्या घेतली, आणि खाँसाहेबांचा गंडा बांधून रीतसर शिष्यत्व मिळालं ते १९३४ साली. गुरू ज्या शहरात, त्या शहरात त्या गेल्या. तुमच्या मुलीनेही याच कारणासाठी जावं. तिकडे मैफली जास्त होतात, ओळखी होतात, हे कारण या वयात पुरेसं नाही.

मग गुरू ओळखायचा कसा? नाव, पुरस्कार, भिंतीवरचे फोटो बाजूला ठेवा. त्यांच्याकडे पाच-सात वर्षं शिकलेल्या दोन-तीन शिष्यांना ऐका. ते सुरेल आहेत का, लयीत आहेत का, आणि सगळे गुरूच्या लकबी तेवढ्या उचलून गातात की प्रत्येकाचा गळा वेगळा ऐकू येतो, हे बघा. तालमीला बसायची परवानगी मागा. गुरू समोर बसून गाऊन दाखवतात का? बंदिशीचा अस्थाई-अंतरा पुरता, मुखड्यासकट (सुरुवातीच्या ओळीसकट), समेवर म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर नेमका येईपर्यंत घोटून घेतात का? एकाच रागात महिनोन्‌महिने थांबायची त्यांची तयारी आहे का? दर पंधरवड्याला नवा राग देणारा शिक्षक मुलांना आवडतो, पण ख्यालाची बैठक त्यातून तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट मी मुलींच्या प्रत्येक आईवडिलांना स्पष्ट सांगते. तालीम उघड्या दाराच्या घरात व्हावी, घरातली माणसं आसपास असावीत, तुम्ही न कळवता गेलात तर कुणाच्या कपाळाला आठी पडू नये. गुरूंविषयी श्रद्धा हवीच, माझीही आहे. पण श्रद्धेच्या नावावर अपमान, लगट किंवा घरकामाची वेठ सोसायची नसते. असं काही जाणवलं तर त्या दिवशीच ती तालीम थांबवा, विद्या कितीही मोठी असली तरी.

गुरू बेळगावला, कोल्हापूरला, पुण्याला सापडले तर राहणं गोव्यात आणि शिकणं तिकडे हेही जमू शकतं, पण त्याला अट आहे. महिन्यातून दोनदा जाऊन दोन-तीन दिवस राहायचं, आणि मधल्या दिवसांत इथे कुणीतरी जाणकार कान रोज तिच्यावर हवा. नाहीतर चुकलेला निषाद पंधरा दिवस पक्का होत राहतो. ऑनलाइन तालीम यात भर घालते, जागा भरून काढत नाही. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरू-शिष्याला एकत्र गाता येत नाही, आणि आपली विद्या बरीचशी मागोमाग, सुरात सूर मिळवून गाण्यातूनच उतरते. शिवाय ही ॲप तंबोऱ्याला गोंगाट समजून गाळून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन ती गाळणी बंद करा, मगच धडा सुरू करा. कित्येक घरांत मुलं महिनोन्‌महिने तंबोऱ्याशिवाय ऐकलेला सूर घोटत बसलेली असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता गोव्याकडे काय आहे ते सांगते, कारण आपण त्याला फार गृहीत धरतो. तुमच्या मुलीच्या कानावर जन्मापासून जे पडलं आहे ते मुंबईतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला विकत मिळत नाही. देवळातली पालखी, चौघडा, आरतीत वाजणारं मातीचं घुमट, श्रावणातलं भजन. आपल्या भजनात दहा वर्षांचं पोर झांज धरून पखवाजाबरोबर तालाचं आवर्तन सांभाळतं, मात्रा न मोजता समेवर येतं. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात अहोरात्र भजन चालतं, निरनिराळ्या समाजांचे पार (मिरवणुका) निघतात आणि त्यांच्या बैठकींत गवई गातात. ऐकणारी माणसं दुकान बंद करून, मासळी विकून आलेली असतात, पण सम चुकली तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. जत्रेत गावची मुलं संगीत नाटक उभं करतात. मंगेशीने दीनानाथ मंगेशकर दिले, जितेंद्र अभिषेकी दिले. दोन्ही हातांनी आणि पायांनी निरनिराळे ताल धरणारे खाप्रूमामा पर्वतकर याच मातीतले. लयीचं हे धन जपा. मुलगी ख्यालाकडे वळली म्हणून तिला भजनातून काढू नका.

पण याच वातावरणात एक धोकाही आहे. नाट्यगीत आपल्याला इतकं प्रिय आहे की विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल चालू असतानाच पुढच्या रांगेतून फर्माईश येते. तीन मिनिटांत टाळी मिळते हे अठराव्या वर्षी कळलं की विलंबितात अर्धा तास थांबायचा धीर सुटतो. मला नाट्यसंगीत मनापासून आवडतं, मी ते गातेही. तरी माझा सल्ला असा की पुढची तीन-चार वर्षं तिच्या स्पर्धा कमी करा. स्पर्धेत आठ-दहा मिनिटं मिळतात, तेवढ्या वेळात तानच उठून दिसते, आणि मग मुलं घरीही तानाच घोटतात.

या गोष्टीला लागूनच आणखी एक सांगायला हवं. आज तुम्ही आनंदाने म्हणता की माझी मुलगी गाणार. शंभर वर्षांपूर्वी गोव्यात हे वाक्य म्हणायची सोय नव्हती. तेव्हा गायच्या त्या देवस्थानांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायका. समाजाने त्यांचं गाणं घेतलं आणि मान मात्र हातचा राखला. त्यांनी विद्या टिकवली, दारोदार हिंडून तालीम मिळवली, मुलींना शिकवलं, आणि त्या समाजानेच पुढे संघटना बांधून, शिक्षण घेऊन स्वतःची वाट बदलली. केसरबाईंना १९६९ साली आणि मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं, त्यामागे ही झीज आहे. मुलीला हा इतिहास सांगा. तिला जो खुला रस्ता मिळाला तो कुणी घडवला, हे ठाऊक असलं पाहिजे.

आता दिवसाबद्दल. गाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात मैफलीचे दिवस थोडे, बिनमैफलीचे दिवस फार. ते दिवस आवडत असतील तरच या वाटेला जावं. सकाळी पहिलं काम तंबोरा लावणं. यंत्राचा तंबोरा प्रवासात मीही वापरते, पण हाताने चार तारा जुळवण्यात जी दहा-पंधरा मिनिटं जातात त्यात कान उघडतो. मधल्या दोन तारांची जोडी नेमकी लागली आणि खर्जाच्या (खालच्या षड्‌जाच्या) तारेतून गंधार आपोआप ऐकू यायला लागला की गळा कुठे ठेवायचा ते कळतं. पहिली तार पंचमाची, मालकंसाला मध्यमाची, मारवा-पुरियाला निषादाची. या गोष्टी तिच्या हाताला याव्यात. मिरजेहून एक चांगला तंबोरा आणा. तिच्या शिक्षणावरचा हा सगळ्यात सार्थ खर्च ठरेल.

मग खर्ज. आवाज न ताणता, मंद्र (खालच्या) सप्तकात एकेका स्वरावर श्वास पुरेल तितकं थांबायचं. मुलींनी मंद्र पंचमाच्या खाली हट्टाने उतरू नये. त्यानंतर आकारात पलटे (स्वरांच्या ठरावीक फिरत), संथ लयीत, आणि मग एक राग. तिने विशारदपर्यंत कितीतरी रागांचे आरोह-अवरोह पाठ केले असतील, छोटे ख्याल म्हटले असतील. ते ज्ञान उपयोगाचं आहे, पण आता वर्षभरात भूप, यमन, बिहाग एवढंच घेऊ द्या. विलंबित तीनतालात सोळा मात्रांचं आवर्तन भरायचं, श्वास कुठे घ्यायचा ते बंदिशीच्या अक्षरांवरून ठरवायचं, आणि मुखडा दर वेळी वेगळ्या वाटेने पण त्याच मात्रेवर आणायचा, हे एकाच रागात मुरलं की बाकीच्या रागांत नव्याने शिकावं लागत नाही. आमच्या घराण्याचे जोडराग (दोन राग मिळून झालेले) आणि अनवट (क्वचित गायले जाणारे) राग ऐकून मुलं भारावतात. त्यांना मी सांगते, नट-कामोद गायचा तर नटही पुरता हवा आणि कामोदही.

एकदम तीन तास बसू नये. पाऊण तास गाऊन विसावा, पुन्हा बसणं. दिवसाकाठी दोन-अडीच तास गळ्याचं काम आणि तितकंच ऐकणं हे अठराव्या वर्षी भरपूर झालं. ऐकण्याचा रियाझ मुलं करत नाहीत, ही माझी मोठी तक्रार आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी अंतराळात गेली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ती भैरवी बोटावर ताल धरून, एकेक जागा थांबवून ऐकलेली मुलं मला क्वचित भेटतात. तिला वही घेऊन बसवा. साडेतीन मिनिटांत बाई कुठे थांबतात, तार षड्‌जाला किती वेळा जातात, मुखड्यावर कशा परततात हे लिहून काढायला सांगा. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांत राग इतक्या थोड्या जागेत मांडलेला असतो की अभ्यासाला त्याहून चांगलं साधन नाही.

पट्टीबद्दल एक सूचना. क्लासमध्ये सगळ्यांना एकाच पेटीवर, शिक्षकांच्या सोयीच्या पट्टीत गायला लावतात, आणि मुलींचे गळे तिथे बिघडतात. मुलींचा स्वर साधारण पेटीच्या काळी चार ते काळी पाचच्या आसपास बसतो. तिचा स्वतःचा षड्‌ज कोणता हे गुरूंकडून ठरवून घ्या आणि कुणाच्याही सोयीसाठी तो हलवू नका.

आवाजाच्या नावाखाली घराघरांत लोणचं बंद, दही बंद, पंखा बंद असे कितीतरी नियम चालतात. आंबटाने माझा गळा कधी बसला नाही, काहींचा बसतो. प्रत्येकाने आपलं आपण पाहावं. मला महत्त्वाचं वाटतं ते झोप, दिवसभर घोट घोट पाणी, आणि रात्रीचं जेवण लवकर, कारण पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला सूज आणतं आणि गाणाऱ्याला वाटतं सर्दी झाली. घसा बसला असेल तर कुजबुजूही नये, त्यानेही ताण येतो, गप्प बसावं. आवाजातला खरखरीतपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर काढा-मधावर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. गाठी असतील तर विश्रांती आणि आवाजाच्या उपचारांनी बहुधा बऱ्या होतात. किशोरीताई आमोणकरांचाही आवाज ऐन तारुण्यात काही काळ गेला होता. त्या परतल्या आणि पुढे काय गायल्या ते सगळ्यांनी ऐकलं आहे. मुलीला एवढं सांगून ठेवा की आवाज बसला म्हणून आयुष्य संपत नाही, पण बसलेल्या आवाजावर जोर करून गायलं तर नुकसान होतं.

आपल्या पावसाळ्याचं वेगळं शास्त्र आहे. जून ते सप्टेंबर तंबोऱ्याचं लाकूड दमट होतं, जवारी (तारांना गुंजन देणारी घोडीवरची घासणी) मिटल्यासारखी होते, तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरते. तंबोरा भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरतो. गवसणीत घालून उंचावर, हवा खेळेल अशा जागी ठेवा. जवारीखालचा दोरा रोज नव्याने बसवावा लागला तरी कंटाळू नये. या महिन्यांत बाहेरचे कार्यक्रमही कमी असतात, म्हणून माझ्या मते खरा अभ्यास पावसातच होतो.

पोटाचा प्रश्न. केवळ ख्यालाच्या मैफलींवर घर चालवणारे कलावंत देशभरात मोजके आहेत आणि ते त्या जागी चाळिशीच्या आसपास पोचतात. बाकी सगळे शिकवतात. आपल्याकडे शिकवण्या, शाळांतली संगीत शिक्षकाची नोकरी, कला अकादमी आणि संगीत महाविद्यालयातल्या जागा, देवळातल्या आणि घरगुती बैठका, असं मिळून चालतं. पणजी आकाशवाणीची श्रवणचाचणी तिने तयारी झाल्यावर जरूर द्यावी. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. पैसा बेताचा, पण श्रेणी मिळाली की आयोजक ओळखतात, आणि ठरलेल्या वेळात राग मांडायची शिस्त लागते. कार्यक्रमाचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. उरलेल्या महिन्यांची सोय आधीच करून ठेवावी लागते.

साथीदारांचा खर्च आपल्या मानधनातूनच जातो, हे नवख्यांना माहीत नसतं. तबला, पेटी, कधी तंबोऱ्याची साथ, येण्याजाण्याची गाडी, हे आयोजकाशी आधी बोलून घ्यावं. आणि साथीदाराला कार्यक्रम संपल्याबरोबर, स्वतःच्या हाताने पैसे द्यावेत. सुरुवातीला फुकट गाण्याची बोलावणी फार येतील. देवासमोर, गुरूंच्या घरी, शाळेत फुकट गावं. जिथे मांडवाचे, जेवणाचे, आवाजाच्या यंत्रणेचे पैसे मोजले जातात तिथे गाणाऱ्यालाही मोजले जावेत, आणि हे मागायला तिला आत्तापासून शिकवा. पदवी मात्र सोडू देऊ नका, संगीताची असो वा दुसरी कुठली. त्यामुळे तिशीपर्यंतचा काळ कुणाच्या दबावाशिवाय काढता येतो.

घरातल्यांना माझी एकच मागणी आहे. सकाळचे दोन तास तिचे राहू द्या. पाहुणे आले, वास्तुशांत आहे, आजीला डॉक्टरकडे न्यायचं आहे, ही कामं मुलीवरच येतात आणि रियाझाची वेळ सगळ्यात आधी कापली जाते. मुलग्याचा अभ्यास चालू असताना घर जसं दबक्या पावलांनी वावरतं, तसं हिच्यासाठीही वावरू दे. लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा समोरच्या घरी हेच आधी सांगा. मुलगी गाते एवढंच सांगू नका. ती रोज सकाळी दोन तास बसते, संध्याकाळी शिकवते, हंगामात रात्री उशिरा घरी येते, असं स्पष्ट सांगा. गाणं आवडतं म्हणणारी घरं पुष्कळ असतात, पण रोज तोच पलटा ऐकून घेणारी कमी.

सध्या एवढं करा. येत्या तीन महिन्यांत तिला घेऊन गोव्यातल्या दोन आणि बाहेरच्या दोन गुरूंकडे जाऊन बसा. दर वर्षी केसरबाईंच्या नावाने कला अकादमीचा समारोह होतो, त्याला सगळ्या सत्रांना तिला न्या आणि परतताना गाडीत तिने काय ऐकलं ते तिला बोलू द्या. प्रत्येक गुरूंसमोर तिने यमनचा विलंबित ख्याल गावा, नाट्यगीत गाऊ नये. ते काय दुरुस्त करतात याकडे लक्ष ठेवा. चार ठिकाणी बसल्यावर कुणाची दुरुस्ती आपल्याला लागू पडली हे तिला स्वतःलाच कळेल. मग तिचं नाव, तिचा स्वर आणि त्या गुरूंनी सुचवलेला पहिला राग मला कळवा. राहायचं की जायचं, आणि गेल्यास आठवड्याची आखणी कशी करायची, ते त्यावरून सांगता येईल.